आधी लगाम, मग रेल्वे: सिंगापूरच्या वाहतूक नियोजनाचे प्रकरण

२ जून १९७५ च्या सकाळी साडेसातला सिंगापूरच्या मध्यवर्ती भागात शिरणाऱ्या रस्त्यांवर नव्या कमानी उभ्या होत्या. कमानीखालून जाणाऱ्या खासगी मोटारीच्या पुढच्या काचेवर कागदी परवाना चिकटवलेला असणे आता सक्तीचे होते. दिवसाचा परवाना तीन सिंगापूर डॉलर, महिन्याचा साठ. कमानीपाशी उभे असलेले कर्मचारी कुणालाही थांबवत नव्हते. बिनपरवाना गाडीचा नंबर ते टिपून घेत, दंडाची नोटीस मागाहून पोहोचे. परवान्याचा रंग आणि आकार महिन्यागणिक बदले, म्हणजे शिळा परवाना लांबूनच ओळखू यावा. मोटारीत चार माणसे असली तर पैसे माफ. संगणक नाही, कॅमेरा नाही. कागद, गोंद आणि नजर यांवर सगळे चाललेले.

गर्दीच्या वेळी शहरात गाडी आणण्याचे पैसे घेणारी जगातली ही पहिली योजना. त्या वेळातली वाहने २५ ते ३० टक्क्यांनी घटतील असा सरकारचा अंदाज होता. ती घटली ४४ टक्क्यांनी.

त्या दिवशी सिंगापुरात मेट्रो नव्हती, इतकेच काय, मेट्रो बांधायची की नाही हेही ठरलेले नव्हते. पहिली गाडी धावायला अजून बारा वर्षे होती. ‘आधी उत्तम सार्वजनिक वाहतूक द्या, मग मोटारींना हात लावा’ हे वाक्य वाहतुकीच्या प्रत्येक चर्चेत येते आणि ऐकायला न्याय्यही वाटते. पण उत्तम म्हणजे किती, हे कोणी सांगत नाही, त्यामुळे ते ‘मग’ कधी उजाडतच नाही. सिंगापूरने वाट पाहिली नाही. त्याची फळे त्याला मिळाली आणि पुढे दुसऱ्या टोकाला गफलतही झाली. ती गफलत यशाइतकीच शिकण्यासारखी आहे, म्हणून हे प्रकरण.

जमीन आणि बस

१९६५ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा हा देश सुमारे ५८० चौरस किलोमीटरचा होता आणि लोकसंख्या १९ लाखांच्या आसपास. समुद्रात भराव घालघालून क्षेत्रफळ आता ७३० चौ. कि.मी.च्या वर गेले आहे. माणसे साठ लाख. शहर पसरवायला उपनगरापलीकडे जमीन नाही, कारण उपनगरापलीकडे समुद्र आहे. जमिनीपैकी जवळपास १२ टक्के रस्त्यांखाली आहे आणि घरांखाली १४ टक्के. हे दोन आकडे शेजारी ठेवले की आणखी रस्ते बांधून प्रश्न का सुटणार नव्हता, ते कळते.

१९६७ ते १९७१ या काळात संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने शहराचा दीर्घ पल्ल्याचा अभ्यास झाला आणि त्यातून १९७१ चा संकल्पना आराखडा निघाला. मधल्या पाणलोट क्षेत्राभोवती आणि दक्षिण किनाऱ्यालगत नव्या वसाहतींची माळ, त्यांना जोडणारे द्रुतगती मार्ग, आणि रेल्वेसाठी पट्टे. १९९२ पर्यंत रेल्वेशिवाय भागणार नाही, असे त्या अभ्यासाने सांगितले होते. माझ्या मते या आराखड्यातली खरी मोलाची गोष्ट त्यातला अंदाज नव्हे. पट्टे नकाशावर आखले गेले आणि मोकळे राखले गेले, ही आहे. गृहनिर्माण मंडळाच्या टाउनशिपा त्या पट्ट्यांना धरूनच उभ्या राहिल्या. रेल्वे नंतर आली तेव्हा प्रवासी आधीच रुळाच्या दोन्ही बाजूंना राहत होते.

हे जमले ते १९६६ च्या भूसंपादन कायद्यामुळे, आणि त्याची किंमत लपवण्यात अर्थ नाही. सरकारला जमीन बाजारभावापेक्षा पुष्कळ स्वस्तात घेता येत होती. पूर्ण बाजारभाव देण्याची तरतूद २००७ साली आली. ‘दूरदृष्टी’ या शब्दाखाली अनेक जमीनमालकांचे नुकसानही दडलेले आहे. लोकशाही दबाव जिथे जास्त, तिथे ही पायरी जशीच्या तशी उचलता येणार नाही.

बसची अवस्था तेव्हा दयनीय होती. सिंगापूर ट्रॅक्शन कंपनी आणि चिनी मालकांच्या दहा-अकरा लहान कंपन्या. ज्याचा त्याचा इलाखा, ज्याचे त्याचे तिकीट, मोडक्या गाड्या. उरलेली गरज बेकायदा टॅक्सीवाले भागवत. १९७१ मध्ये लहान कंपन्यांचे तीन गटांत एकत्रीकरण झाले, १९७३ मध्ये त्या तिन्हींची मिळून सिंगापूर बस सर्व्हिसेस झाली आणि १९७४ मध्ये कारभार सुधारायला सरकारी अधिकाऱ्यांची एक तुकडीच कंपनीत बसवली गेली. बेकायदा टॅक्सींवर कारवाई झाली. शाळा-कारखान्यांच्या खासगी बसना गर्दीच्या वेळी प्रवासी घेण्याची मुभा मिळाली. म्हणजे १९७५ चा लगाम अगदीच पोकळीत आला नव्हता. बस उत्तम नव्हती, पण सुधारते आहे हे दिसत होते. तेवढ्यावर सरकारने उडी घेतली.

कागदी परवान्याने काय शिकवले

आता त्या ४४ टक्क्यांच्या आत डोकावू. योजना साडेसात ते साडेनऊ अशी होती. साडेनऊ वाजले रे वाजले की बाहेर थांबलेल्या गाड्या आत लोटत. दोन महिन्यांतच वेळ सव्वादहापर्यंत वाढवावी लागली. संध्याकाळी कसलाच आकार नव्हता. सकाळी जे आले नाहीत ते संध्याकाळी जाणारही नाहीत, असा साधा हिशेब. तो चुकला. शहरातून फक्त आरपार जाणारी वाहने सकाळी वळसा घालत आणि संध्याकाळी निवांत मधून जात. संध्याकाळची आकारणी सुरू व्हायला १९८९ उजाडले.

सर्वांत साफ आपटली ती ‘गाडी लावा, बसने जा’ योजना. हद्दीबाहेर सुमारे १०,००० गाड्यांचे वाहनतळ बांधले, तिथून आत जायला खास बस ठेवल्या. लोक फिरकलेच नाहीत. ज्याला बसने जायचे तो घराजवळच बस धरत होता. ज्याने गाडी काढली तो ती अर्ध्या वाटेत सोडायला तयार नव्हता. आज कित्येक शहरांच्या आराखड्यात शहराच्या वेशीवर भले मोठे वाहनतळ रंगवलेले असतात, ते पाहिले की हे रिकामे तळ आठवावेत.

चार माणसांची सवलतही मजेशीर वळणाला गेली. चालक बसथांब्यांवरून अनोळखी माणसे उचलून चारचा आकडा भरू लागले. प्रवाशाला फुकट सफर, चालकाला फुकट प्रवेश. म्हणजे गाडीतली काही गर्दी खुद्द बसमधूनच काढलेली. १९८९ मध्ये सवलत गेली, मोटारसायकली आणि मालवाहू गाड्याही आकारणीखाली आल्या आणि दर उलट कमी झाला. रस्त्यावर जागा अडवणारे प्रत्येक वाहन पैसे देईल, हे तत्त्व इथे पक्के झाले.

रेल्वेचा वाद

१९८० च्या सुमारास मंत्रिमंडळातच दोन तट पडले. अर्थकारण कोळून प्यायलेले उपपंतप्रधान गोह केंग स्वी यांना रेल्वेवर पाच अब्ज डॉलर ओतणे पसंत नव्हते. तेच काम सुधारित बससेवेने स्वस्तात होईल, असे त्यांचे म्हणणे. दळणवळण मंत्री ओंग टेंग चियोंग हे मुळात वास्तुविशारद आणि नगररचनाकार. त्यांना बसचे गणित मध्यवर्ती भागात कोलमडताना दिसत होते. हार्वर्डच्या तज्ज्ञांना बोलावले, त्यांनी बसच्या बाजूने कौल दिला. दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ दूरचित्रवाणीवर जाहीरपणे भांडले. मग आणखी एक सर्वंकष अभ्यास झाला. त्याचा निष्कर्ष होता की फक्त बसवर भिस्त ठेवली तर मध्यवर्ती रस्त्यांवर बसचीच कोंडी होईल. २८ मे १९८२ रोजी रेल्वेचा निर्णय जाहीर झाला.

बस की रेल्वे हा वाद एरवी पंथांच्या भांडणासारखा चालतो. इथे त्याला एका नेमक्या प्रश्नावर आणले गेले: सर्वांत दाट भागात, सर्वांत गर्दीच्या तासात, रस्त्याचा एक मीटर किती माणसे वाहून नेऊ शकतो? या प्रश्नाचे उत्तर काढता येते. शिवाय कागदी परवान्यामुळे त्या भागात मोटारी आधीच आटोक्यात होत्या, त्यामुळे ‘मोटारी कमी केल्या की बसला जागा होईल’ हा युक्तिवाद आधीच वापरून झाला होता.

७ नोव्हेंबर १९८७ ला यो चू कांग ते तोआ पायो हा पाच स्थानकांचा पहिला तुकडा सुरू झाला आणि १९९० मध्ये ६७ किलोमीटर, ४२ स्थानकांचे मूळ जाळे पूर्ण झाले, ठरल्या वेळेच्या आधी. पहिला तुकडा दाट वसाहतीतून निवडला होता, दिमाखदार व्यापारी भागातून नव्हे. रचनेतली एक बारीक गोष्ट पाहण्यासारखी आहे. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम हे दोन मार्ग सिटी हॉल आणि रॅफल्स प्लेस या लागोपाठच्या दोन स्थानकांत शेजारी-शेजारी धावतात. एका स्थानकात एका दिशेच्या जोडगाड्या समोरासमोर लागतात, दुसऱ्यात उरलेल्या दिशेच्या. त्यामुळे गाडी बदलणारा माणूस जिना न चढता फलाट ओलांडून पलीकडच्या डब्यात शिरतो. दोन स्थानके खोल जमिनीत, दोन मजल्यांत एकावर एक रुळांची अशी गुंफण करणे खर्चिक असते. पण रोज हजारो लोकांची दोन-चार मिनिटे वाचतात.

गाडी घेण्याचा हक्क आणि गाडी चालवण्याचा दर

गाडीच्या मालकीवर कर होताच. अतिरिक्त नोंदणी शुल्क १९७२ मध्ये गाडीच्या किमतीच्या २५ टक्के होते, १९७५ मध्ये १०० टक्के झाले, १९८० मध्ये १५०. तरी उत्पन्न वाढत गेले आणि गाड्याही. १ मे १९९० पासून थेट संख्येलाच लगाम लावला. वाहन घ्यायचे तर आधी हक्कपत्र, ते लिलावात मिळणार, दहा वर्षे चालणार. सुरुवातीला वर्षाकाठी तीन टक्के वाढीची मुभा होती, ती उतरत उतरत फेब्रुवारी २०१८ पासून मोटारी आणि मोटारसायकलींसाठी शून्यावर आली.

या लिलावाने काय काय दाखवले! नोव्हेंबर २००८ मध्ये छोट्या मोटारींच्या गटात हक्कपत्राचा भाव दोन डॉलरवर आला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मोठ्या मोटारींच्या गटात तो दीड लाखावर गेला, आणि त्यात गाडी धरलेली नाही. संख्या काबूत राहिली, पण मोटार हे श्रीमंतीचे बिरूद बनले. शिवाय एक उलटा परिणामही झाला. एवढी रक्कम एकदा मोजली की माणूस गाडी दारात उभी ठेवत नाही. पन्नास किलोमीटर लांबीच्या बेटावर २०१४ मध्ये एक मोटार वर्षाला सरासरी साडेसतरा हजार किलोमीटर धावत होती. मालकी महाग केल्याने वापर महाग होत नाही, एवढाच याचा अर्थ.

वापराचा दर लावायचे काम सप्टेंबर १९९८ मध्ये इलेक्ट्रॉनिक आकारणीकडे आले. कागद गेला, गाडीत यंत्र आणि त्यात पैसे भरलेले कार्ड आले. यातला मला सर्वांत आवडणारा भाग यंत्राचा नाही, नियमाचा आहे. द्रुतगती मार्गांवर वेग ताशी ४५ ते ६५ किलोमीटर आणि मुख्य रस्त्यांवर २० ते ३० च्या पट्ट्यात राहिला पाहिजे. ठरावीक काळाने वेग तपासायचा. पट्ट्याखाली गेला की त्या कमानीचा दर वाढवायचा. वर गेला की उतरवायचा, कारण रिकामा रस्ता हाही जमिनीचा अपव्ययच. दर ठरवायला दर वेळी कुणाची मर्जी लागत नाही. रस्त्याला अशी एक कळ मिळाली, की तो तुंबला की ती आपोआप फिरते.

ज्याला कळ नव्हती

रेल्वेला अशी कळ नव्हती.

१९९५ मध्ये वाहन नोंदणी, मेट्रो बांधणी, रस्ते आणि वाहतूक धोरण अशी चार कार्यालये एकत्र करून भू-वाहतूक प्राधिकरण स्थापन झाले. पुढच्या वर्षीच्या श्वेतपत्रिकेने पैशांचा नियम घातला: पायाभूत बांधणी सरकारची, पण चालवण्याचा खर्च तिकिटातून निघाला पाहिजे. शिस्त म्हणून हे बरोबर वाटते. प्रत्यक्षात त्यातून एक सावधपणा आला. प्रवासी पुरेसे जमल्याशिवाय मार्ग नको, स्थानकही नको. २००३ मध्ये ईशान्य मार्ग सुरू झाला, पण बुआंगकोक स्थानक बांधून तयार असूनही बंदच ठेवले; आसपास वस्ती पुरेशी नाही म्हणून. २००५ मध्ये एका मंत्र्याच्या भेटीच्या दिवशी रहिवाशांच्या बाजूने कुणीतरी स्थानकाबाहेर पुठ्ठ्याचे पांढरे हत्ती उभे केले. पोलीस चौकशी झाली. स्थानक २००६ च्या जानेवारीत उघडले.

याच काळात आकारणी यंत्रणेवर भरवसा ठेवून मालकीवरचा लगाम सैल केला गेला. ‘मालकी स्वस्त, वापर महाग’ असे धोरण होते. नोंदणी शुल्क २००८ पर्यंत १०० टक्क्यांवर उतरले. हक्कपत्रांचा कोटा जुन्या गाड्या किती मोडीत निघतील या अंदाजावर ठरत होता आणि अंदाज फुगलेले निघाले. २००४ मध्ये चार लाखांच्या आसपास असलेल्या मोटारी २०१० पर्यंत सहा लाखांजवळ पोचल्या. लोकसंख्याही ४२ लाखांवरून २०११ मध्ये ५२ लाखांजवळ गेली. सात वर्षांत दहा लाख माणसे, बहुतेक बाहेरून आलेली. रेल्वेचे जाळे मात्र त्या गतीने वाढले नाही. २००४ मध्ये निकोल हायवेखाली मेट्रोच्या वर्तुळ मार्गासाठी खणलेला खड्डा कोसळून चार कामगार गेले, त्या कामालाही उशीर झाला.

गर्दीच्या वेळी सार्वजनिक वाहतुकीचा वाटा १९९७ मध्ये ६७ टक्के होता. २००४ मध्ये ६३, २००८ मध्ये ५९. मोटारींवर जगातले सर्वांत कडक निर्बंध असलेल्या शहरात लोक बस-रेल्वे सोडत होते! रस्त्यावर वेग ४५ च्या खाली गेला की काही आठवड्यांत दर वाढे. डब्यात दाराशी माणसे चेंगरली तर? नवी गाडी मागवून रुळावर यायला वर्षे लागतात, आणि ती मागवायलाच हवी अशी कुठली रेषा ओलांडली गेल्याचे कुणाला आपोआप कळत नव्हते. मोटारवाल्याची गैरसोय ताशी किलोमीटरमध्ये मोजली गेली, उभ्याने जाणाऱ्याची तक्रारपेटीत.

१५ आणि १७ डिसेंबर २०११ ला उत्तर-दक्षिण मार्ग ठप्प झाला. वीज पुरवणारा तिसरा रूळ धरून ठेवणारे चिमटे निसटले होते. बोगद्यात अडकलेल्या, वारा बंद पडलेल्या डब्यात एका प्रवाशाने अग्निशामक नळकांडे मारून खिडकी फोडली. चौकशी समितीने देखभालीतल्या उणिवांवर बोट ठेवले, चालक कंपनीला वीस लाख डॉलर दंड झाला. प्रवासी वाढले, फेऱ्या वाढल्या, आणि रूळ तेच १९८० च्या दशकातले. रात्री शेवटची गाडी आणि पहाटेची पहिली गाडी यांच्यामध्ये दुरुस्तीला साडेतीन तास मिळतात, त्यातही हत्यारे नेणे-आणणे आले.

यानंतरची दुरुस्ती पैशांच्या नियमालाच हात घालणारी होती. २०१२ मध्ये सरकारने बस खरेदीला थेट पैसे दिले, सुरुवातीला १.१ अब्ज डॉलर. सप्टेंबर २०१६ पासून सगळी बससेवा कंत्राटी पद्धतीवर आली: मार्ग आणि वारंवारता प्राधिकरण ठरवते, तिकिटाचे उत्पन्न सरकारकडे जाते आणि कंपनीला सेवेचे पैसे मिळतात. रिकाम्या मार्गावर बस का सोडायची, हा प्रश्न कंपनीला पडेनासा झाला. रेल्वेतही गाड्या आणि सिग्नल यंत्रणा सरकारने विकत घेतली. जुन्या दोन मार्गांवरचे लाकडी स्लीपर काढून काँक्रीटचे बसवले, दोन गाड्यांमधले अंतर १२० सेकंदांवरून १०० वर आणण्यासाठी नवी सिग्नल यंत्रणा आली, आणि देखभालीसाठी काही रात्री गाड्या लवकर बंद करायला २०१७ पासून सुरुवात झाली. लोकांनी कुरकुर केली, पण लवकर बंद होणारी गाडी बंद पडलेल्या गाडीपेक्षा परवडते. गर्दीच्या वेळचा वाटा २०१२ मध्ये ६३ आणि २०१६ मध्ये ६७ टक्क्यांवर परत आला. जिथे वीस वर्षांपूर्वी होता तिथेच.

सायकल आणि पायी चालणाऱ्यांचा विचार उशिरा आला. स्थानकांपर्यंत छताचे पादचारी मार्ग छान झाले, पण विजेच्या स्कूटर पदपथांवर मोकळ्या सोडल्या आणि अपघातांनंतर नोव्हेंबर २०१९ मध्ये रातोरात पदपथांवर बंद केल्या.

पुन्हा तोच सौदा

२०१९ च्या भू-वाहतूक महायोजनेचे मुख्य लक्ष्य असे: २०४० पर्यंत गर्दीच्या वेळी चालत, सायकलने किंवा सार्वजनिक वाहनाने केलेल्या दहापैकी नऊ फेऱ्या घरापासून मुक्कामापर्यंत ४५ मिनिटांत व्हाव्यात. यात चालणे आणि थांबणेही धरलेले आहे. मोटारीच्या वेगाऐवजी प्रवाशाच्या मिनिटांचे मोजमाप आता आराखड्याच्या मथळ्यावर आले, हा बदल लहान नाही. मात्र ही ४५ मिनिटे चुकली तर काय आपोआप बदलेल, हे योजनेत कमानीच्या दराइतके स्पष्ट नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये पूर्व-पश्चिम मार्गाचा एक तुकडा सहा दिवस बंद राहिला, जुन्या गाडीच्या चाकाच्या आसाची पेटी निसटून रुळांचे नुकसान झाल्यामुळे.

दरम्यान, कमानींच्या जागी उपग्रहावर चालणारी आकारणी येते आहे. २०२३ च्या अखेरीपासून गाड्यांत नवी यंत्रे बसू लागली. त्यांच्या जोरावर अंतरानुसार पैसे घेणे शक्य होईल. तशी आकारणी सुरू करण्याआधीच, ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारने येत्या काही वर्षांत २०,००० पर्यंत जादा हक्कपत्रे बाजारात आणण्याचे जाहीर केले. नव्या यंत्रणेमुळे वापरावर नियंत्रण ठेवता येईल, हेच त्याचे समर्थन. २००० च्या दशकातही हेच म्हटले गेले होते. फरक एवढा की तेव्हा कमानी निदान पैसे घेत होत्या. या वेळी मालकी सैल होते आहे आणि किलोमीटरचा दर अजून ठरलेलाच नाही.